कोकण किनाऱ्यावर कॅम्परव्हॅन: पहिली सफर, डासांचा हिशेब धरून

मुंबईहून कॅम्परव्हॅन घेऊन कोकणात निघणारी मंडळी दोन गोष्टींचा फार विचार करतात: गाडीतला फ्रिज आणि समुद्रासमोरची जागा. पहिल्याच संध्याकाळी सातच्या सुमारास त्यातल्या दुसऱ्या गोष्टीची किंमत कळते. खाडीच्या तोंडाशी, सुरूच्या बनात, फोटोला दृष्ट लागेल अशा जागी लावलेल्या गाडीत रात्रभर कोणाचा डोळा लागत नाही. अंगाला मलम चोपडून, बाहेर चार कॉइल पेटवूनही लागत नाही. कारण ही लढाई पाच वाजता, गाडी उभी करतानाच निम्मी हरलेली असते. जागा आणि वारा पहिले, जाळी दुसरी, अंगाचं मलम तिसरं. नवख्यांची तयारी नेमकी याच्या उलट्या क्रमाने झालेली दिसते.

कधी जायचं, किती लांब जायचं

डिसेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोकण हिरवंगार दिसतं खरं, पण भातखाचरांत, चिऱ्याच्या खाणींत आणि वाड्यांतल्या करवंट्यांत पावसाचं पाणी साचलेलं असतं. डास तिथेच पोसतात. वर ऑक्टोबरचा उकाडा, म्हणजे खिडकी बंद करायचीही सोय नाही. मार्चनंतर डास कमी होतात, पण रात्री गाडीचा पत्रा उशिरापर्यंत तापलेला राहतो. पावसाळ्यात या प्रकाराच्या नादी लागू नका.

पहिल्या खेपेला गणपतीपुळ्यापर्यंत पाच रात्री पुरेत. मालवण, वेंगुर्ला नंतर. सागरी मार्गावर व्हॅनचा सरासरी वेग ताशी २५ ते ३० किलोमीटर पडतो. वळणं, गावातल्या बोळवजा गल्ल्या, मध्येच बसलेल्या म्हशी, सगळं धरून. नकाशावर ८० किलोमीटर दिसले की अख्खी सकाळ गेली असं समजा. दिवसाला ८०च्या वर आखणी केलीत तर मुक्कामाला अंधारात पोचाल, आणि अंधारात जागा निवडणं म्हणजे डासांच्या ताटात बसणं.

गाडी ताब्यात घेताना

पहिली गाडी भाड्याचीच घ्या. स्वतःच्या गाडीतल्या सीट काढून पलंग, ओटा, टाकी बसवण्याचा मोह होतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाईही त्यावरून अडू शकते. भाड्याची गाडी कॅम्पर किंवा कॅराव्हॅन म्हणूनच नोंदवलेली आहे का, हे आरसी बुकात वाचा.

लांबी सहा मीटरच्या आत असलेली बरी. मुरूड, हर्णै, गुहागर इथल्या वस्तीत समोरून एसटी आली की मोठी गाडी मागे घेताना घाम फुटतो. उंची सोलर पॅनेल आणि छतावरच्या पंख्यासकट स्वतः टेप लावून मोजा आणि आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. वाड्यांमधल्या रस्त्यांवर सुपारीच्या झावळ्या आणि घरांना गेलेल्या विजेच्या तारा खाली लोंबत असतात.

ताब्यात घेताना हे तपासा: पायरीजवळचा खाच, मागच्या दाराचं रबर, गिअरच्या दांड्याभोवतीचं कातडं, एसीच्या पाण्याची नळी बाहेर पडते ते भोक, टेललाइटमागची जागा. डास दारातून येतात तितकेच इथूनही येतात. शोधायची सोपी रीत आहे. संध्याकाळी आत प्रखर दिवा लावून बाहेरून अंधारात गाडीभोवती एक फेरी मारा, प्रकाशाची रेघ दिसेल तिथे फट आहे. दिवसा असाल तर पंखा चालू करून उदबत्ती फटीजवळून फिरवा, धूर ओढला जातो तिथे खूण करा. ९ मिलिमीटरची फोमची पट्टी आणि अ‍ॅल्युमिनियम टेप यांत नव्वद टक्के फटी बुजतात. एक भोक मात्र चुकूनही बुजवू नका: गॅसच्या कप्प्याच्या तळाशी असलेलं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो तिथूनच खाली निघून जायला हवा. त्यावर स्टीलची बारीक जाळी लावा, टेप नाही.

जाळी: इथे कंजुषी नको

भाड्याच्या बहुतेक गाड्यांना घरातल्या खिडकीसारखीच जाळी असते, इंचाला १६ ते १८ भोकांची. ती डास अडवते. खाडीकाठची चिलटं अडवत नाही. चिलटं एक ते तीन मिलिमीटरची, अंगाने बारीक. जाळीवर बसतात आणि चालत आत येतात. डास चावला तर निदान गुणगुण ऐकू येते, हे आवाजही करत नाही. सकाळी घोट्यांवर आणि मनगटांवर लाल ठिपक्यांची रांग उठली की कळतं.

जाळी कुठली आहे हे ओळखायला दुकानदाराला विचारू नका, पट्टी लावा. एका सेंटिमीटरमध्ये ६ ते ७ भोकं मोजली तर ती डासांपुरती. १० ते १२ असली तर चिलटंही अडतात. याची किंमत वाऱ्यात चुकवावी लागते: बारीक जाळीतून वारा बराच कमी येतो. म्हणून बारीक जाळी लावली की पंखा हवाच, आणि शक्यतो समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात. एकच खिडकी उघडी ठेवली तर वारा आत शिरत नाही, नुसता दारावरून परत जातो.

स्वतः जाळ्या शिवून घ्यायच्या असतील तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगलदास मार्केटात कापड मीटरवर मिळतं. कामाची रीत अशी:

१. खिडकीचं माप घ्या, चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर जास्त धरा.

२. कडेला २ सेंटिमीटरची दुमड शिवा आणि दर १० सेंटिमीटरवर १० मिलिमीटर व्यासाचं निओडिमियम चुंबक आत घालून दोन्ही बाजूंनी टाका मारा. टाका नसेल तर चुंबकं आत घरंगळून एकाच कोपऱ्यात गोळा होतात.

३. शिवण्याआधी एक चुंबक गाडीला लावून पाहा. आतलं प्लॅस्टिक, फायबर किंवा अ‍ॅल्युमिनियम असेल तर चिकटणार नाही. तिथे वेल्क्रो. पण नुसता चिकटवलेला वेल्क्रो उन्हात सुटतो, त्याला कडेने शिवण किंवा स्टेपल हवी.

४. सरकत्या दारासाठी एक सलग पडदा करू नका. दोन भाग करा, मध्ये २० सेंटिमीटर एकावर एक येऊ द्या आणि खालच्या दुमडीत मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते शिशाचे गोळे घाला. भाऊच्या धक्क्याच्या आसपास जाळ्यांचं सामान मिळतं तिथे सापडतील. वजन नसलं की पडदा वाऱ्याने उडतो आणि तो परत बसेपर्यंत दहा डास आत.

याखेरीज पलंगावर टांगायची चौकोनी मच्छरदाणी वेगळी ठेवा. गाडीची जाळी फाटली, कोणी दार उघडं टाकलं, तरी झोप वाचते. ती गादीखाली खोचायची आणि अंगापासून दूर राहील इतकी मोठी घ्यायची. कोपर जाळीला टेकलं की डास बाहेरूनच चावतो.

पंख्याचा हिशेब

डास आणि चिलटं दोघंही अशक्त उडणारी. चिलटांना ताशी आठ-दहा किलोमीटरचा वारासुद्धा झेपत नाही. त्यामुळे पायांवर रोखलेला पंखा हे या सफरीतलं सगळ्यात उपयोगी यंत्र, उकाड्यासाठीही आणि किड्यांसाठीही. १२ व्होल्टचा साधारण १२ इंची पंखा २४ वॅट घेतो, म्हणजे २ अँपिअर. दहा तासांना २० अँपिअर-अवर. दुसरा छोटा पंखा ८, कंप्रेसरचा फ्रिज कोकणातल्या गरमीत ३५ च्या आसपास, दिवे आणि फोन मिळून ७. बेरीज ७०.

आता गाडीमालक म्हणतो, बॅटरी १०० अँपिअर-अवरची आहे. तेव्हा विचारा, लिथियम की साधी? साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढलं तर ती लवकर मरते, म्हणजे हाताशी ५०च. पहाटे तीनला पंखा बंद पडतो, तुम्ही घामाघूम होऊन दार उघडता आणि पुढचं सांगायला नको. लिथियममधून ८० निघतात, ती पुरते. २०० वॅटचं सोलर पॅनेल हिवाळ्यात दिवसाला साधारण ५० अँपिअर-अवर भरून काढतं, पण सावलीत उभ्या गाडीवर नाही. उरलेलं इंजिन चालताना भरतं, तेवढ्यासाठी गाडी चालताना बॅटरी चार्ज होते का हे तपासून घ्या.

एसीचा विचार बॅटरीवर करू नका. तो फक्त बाहेरून वीज मिळेल तिथे. त्यासाठी १५ अँपिअरचा प्लग, २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल (लोहार चाळीत मिळेल) आणि मध्ये आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेला डबा. केबल पूर्ण उलगडून टाका. गुंडाळलेली ठेवली तर तापते. होमस्टेच्या अंगणातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का हे टेस्टरने पाहिल्याशिवाय प्लग घालायचा नाही. गाडी पत्र्याची आहे आणि तुमचे पाय वाळूने ओले आहेत.

रस्ता आणि जंगलजेट्टी

मुंबईहून सुरुवात दोन तऱ्हांनी होते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट तासाभरात सोडते. बुकिंग करताना गाडीची लांबी-उंची खरी लिहा आणि तासभर आधी धक्क्यावर पोचा. दुसरा मार्ग म्हणजे शिवडीहून अटल सेतू, चिर्ले, पेण, वडखळ आणि कार्लेखिंडीतून अलिबाग. शनिवारी सकाळी सहानंतर निघालात तर वडखळ नाक्यावर वेळ मोजायला शिकाल.

पुढे पहिला मुक्काम मुरूडच्या आसपास. दुसऱ्या दिवशी आगरदांडा ते दिघी बोटीने, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिसऱ्या दिवशी बागमांडला ते वेश्वी, पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै. चौथ्या दिवशी दाभोळ ते धोपावे, गुहागर, वेळणेश्वर. पाचव्या दिवशी तवसाळ ते जयगड आणि गणपतीपुळे. परतीला निवळी फाट्यावरून महामार्ग पकडा आणि एका दिवसात मुंबई गाठायची तर पहाटे निघा.

या चारही खाड्यांवर गाड्या नेणाऱ्या बोटींना तिकडे जंगलजेट्टी म्हणतात. त्यात नवख्यांची फजिती उतारावर होते. ओहोटीला पाणी खाली गेलं की बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांच्यात कोन होतो, आणि मागे लांब शेपूट असलेल्या व्हॅनचा बंपर, संडासाची टाकी किंवा सांडपाण्याचा नळ घासतो. कधी ओहोटी असेल हे पंचांगावरून काढता येतं. तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती आणि साधारण साडेपाचला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बोटीचं ठरवायला एवढं पुरतं. यातून एक गोष्ट आपोआप निघते: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सगळ्यात खाली उतरतं ते नेमकं संध्याकाळी पाच-सहाला, जेव्हा सगळ्यांना बोट गाठायची घाई असते. त्या दिवसांत खाडी दुपारी दोनच्या आत ओलांडा.

बोटीवर चढताना बाकीच्यांना खाली उतरवा, फर्स्ट गिअरमध्ये, क्लच न दाबता. आत गेल्यावर हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, चाकाला ओंडका किंवा दगड. गॅसचा रेग्युलेटर त्याआधीच बंद केलेला असावा आणि गाडीत सिलिंडर आहे हे बोटीवरच्या माणसांना सांगावं. दाभोळची शेवटची बोट चुकली तर चिपळूणवरून गुहागरचा वळसा शंभर किलोमीटरच्या वर जातो, तोही घाटातून. अशा वेळी अलीकडेच मुक्काम करा.

जागा: पाच वाजता घ्यायचा निर्णय

शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा, इथे ते कामाचे आहेत. दुपारी वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो आणि डास-चिलटांना आत वाडीत ढकलून ठेवतो. म्हणून चार वाजता किनारा स्वर्ग वाटतो. सूर्य मावळताना हा वारा पडतो. तासभर, कधी दोन तास, पान हलत नाही. मग रात्री वारा उलटतो, जमिनीवरून समुद्राकडे, हलका. तो वाडीतून, खाजणातून, खारफुटीतून येतो आणि येताना तिथली सगळी वस्ती तुमच्या दारात आणून सोडतो. चार वाजता जागा पाहून खूश झालेला माणूस सात वाजता फसतो तो यामुळे.

तेव्हा जागा बघताना समुद्र बघू नका, पाठीमागे काय आहे ते बघा. पूर्वेला खाडी, तिवरांचं बन, सुपारीची शिंपणाची वाडी किंवा गावाचं गटार असेल तर पुढे चला. खारफुटीपासून निदान अर्धा किलोमीटर लांब राहा. चिलटं फार दूर उडत नाहीत, तेवढ्या अंतराने खूप फरक पडतो. सगळ्यात चांगली जागा म्हणजे सडा. जांभ्या दगडाचं उघडं माळरान, डिसेंबरनंतर कोरडं ठाक, वारा कधी पूर्ण पडत नाही. जयगड, गणपतीपुळे, पुढे पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड या सगळ्या पट्ट्यात किनाऱ्याच्या वर सडे आहेत. वाळूवर पाय ठेवायला दहा मिनिटं खाली उतरावं लागतं, पण झोप होते. जागा कोणाची हे गावात विचारूनच गाडी लावा. सडा ओसाड दिसला तरी त्याला मालक असतो, आणि विचारल्यावर बहुधा नाही म्हणत नाहीत.

सडा मिळाला नाही तर एखाद्या घरगुती खानावळीचं अंगण. रात्रीचं जेवण तिथेच सांगितलं की संडास, विहिरीचं पाणी आणि प्लग तिन्ही सुटतात. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे इथे एमटीडीसीची निवासस्थानं आहेत. आधी फोन करून आवारात गाडी लावायचं विचारता येतं.

कुठे लावू नये: नारळाखाली (नारळ आणि वाळलेली झावळ दोन्ही छतावरचं पॅनेल फोडतात), आंब्याखाली (ओंबील, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, फांदीवरून छतावर आणि तिथून गादीत), गोठ्याजवळ (गोचीड आणि गोमाश्या), आणि वाळूवर तर मुळीच नाही. तीन टनांची व्हॅन सुक्या वाळूत बसली की ती काढायला ट्रॅक्टर लागतो, आणि भरती तुमच्यासाठी थांबत नाही. किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांवर कारवाई होते ती वेगळी.

गाडीचं तोंड दक्षिणेला करा. आपल्याकडे व्हॅनचं सरकतं दार डाव्या बाजूला असतं, त्यामुळे ते जमिनीकडे, रात्रीच्या वाऱ्याच्या समोर येतं. याला कारण आहे. डास माणसाला शोधतात ते श्वासाच्या आणि घामाच्या वासावरून, आणि त्या वासाच्या मागावर वाऱ्याविरुद्ध उडत येतात. म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला, गाडीच्या पाठीमागे ते गोळा होतात. दार त्या बाजूला असेल तर प्रत्येक येण्याजाण्यात त्यांना आमंत्रण.

साडेपाच ते नऊ

साडेपाचला स्वयंपाक उरका. कोळंबी तळायचा बेत असेल तर तो दुपारचा ठेवा. सव्वासहाच्या आत जाळ्या लावून, मागच्या खिडक्यांचे पडदे सारून, सगळ्यांनी अंगभर फिक्या रंगाचे सैल कपडे घालावेत. मोजे विसरू नका, बसलेल्या माणसाचे घोटे ही डासांची आवडती जागा.

सूर्यास्तापासून वारा परत वाहू लागेपर्यंत बाहेर बसायचंच असेल तर दोन कॉइल, वारा येतो त्या बाजूला, खुर्चीपासून दोन-तीन मीटरवर, पत्र्याच्या ताटलीत. आडोशाला लावली तर धूर तुमच्यापर्यंत येतच नाही. गाडीच्या आत कॉइल कधीही नाही. बंद जागेत तो धूर फुप्फुसात जातो आणि पांघरूण पेटायला एक ठिणगी पुरते. गावात सोडणांची (नारळाच्या सालींची) धुरी करतात, ती चालते, पण सुरूच्या बनात नको. खाली पडलेल्या सुरूच्या काड्या वाळल्या की कापसासारख्या पेटतात.

दिवे पिवळे आणि मंद. पांढऱ्या निळसर एलईडीवर तासाभरात किड्यांचा थर बसतो. तेजस्वी दिवा हवाच असेल तर गाडीपासून पाच-सहा मीटर दूर टांगा, किडे तिकडे जातील. आत शिरताना क्रम पाळा: आतला दिवा बंद, कपडे झटका, पडदा उचला, आत या, पडदा सोडा, मग दिवा. मुलांना हे खेळासारखं शिकवलं की जमतं, मोठेच विसरतात. (वेळास, आंजर्ले भागात थंडीत कासवं अंडी घालायला येतात, तिथे किनाऱ्याच्या दिशेला दिवा मुळीच नको.)

नऊ वाजता मच्छर मारायची रॅकेट घेऊन दहा मिनिटं आत फिरा. डास उडताना शोधू नका, बसलेले शोधा: डॅशबोर्डखाली, पलंगाखाली, काळ्या पडद्यांच्या चुण्यांत. स्प्रे मारायचाच तर गाडीत कोणी नसताना, भांडी झाकून, शेगडी आणि गॅस बंद करून. तो स्प्रे ज्वालाग्राही असतो. वीस मिनिटांनी जाळ्या लावलेल्या खिडक्या उघडून हवा खेळू द्या.

अंगाला काय लावावं

ओडोमॉससारख्या क्रीममध्ये एन-एन-डायएथिल-बेंझामाइड १२ टक्के असतं. घामात ते दोन-तीन तासांत कमी पडतं, त्यामुळे सहाला लावलं की नऊला परत. डीट हे दुसरं डासरोधक २० ते ३० टक्क्यांचं मिळालं तर जास्त तास टिकतं, पण ते प्लॅस्टिक वितळवतं. चष्म्याची काच, घड्याळाचा पट्टा, स्टिअरिंगचं कव्हर यांवर बोटांचे ठसे उमटतात. इकॅरिडिन या तिसऱ्या डासरोधकाला हा त्रास नाही. दोघांना पाच रात्रींसाठी १०० ग्रॅमच्या दोन ट्यूब ठेवा. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर वरून मलम. कपड्याखाली झाकलेल्या अंगाला लावायची गरज नाही. लहान मुलांच्या तळहातांना लावू नका, ते तोंडात जातात.

चावलंच तर कॅलमाइन लोशन, फार खाजलं तर १ टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन. सेटिरिझिनची गोळी रात्री चालते, पण जो सकाळी गाडी चालवणार त्याने घेऊ नये, झापड राहते. चिलटांचे चावे खाजवून फोडले की खाऱ्या पाण्यात चिघळतात, म्हणून मुलांची नखं निघण्याआधीच कापा.

गवतातून किंवा गुरांच्या वाटेवरून फिरून आलात तर गुडघ्यांमागे, कमरेला, मुलांच्या कानांमागे गोचीड पाहा. चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी हे उपाय करू नका. दक्षिणेला सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडीच्या जंगलपट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो मुख्यतः गोचिडीच्या चाव्यातून होतो. जानेवारी ते मे या दिवसांत तिकडच्या काजूच्या बागांतून आणि रानातून वाट काढणं टाळा.

पाणी, शेगडी, संडास

दोघांना पिण्यासाठी रोज सहा-आठ लिटर, धुण्या-अंघोळीला वीस. वीस लिटरचा जार दर दोन-तीन दिवसांनी बदलतो. टाकीचं झाकण आणि बादली उघडी ठेवू नका, आणि खिडकीखाली साचलेलं सांडपाणी रोज लांब ओता, विहिरीपासून दूर. सिलिंडर ५ किलोचा छोटा पुरतो. संडासाची २० लिटरची टाकी दोघांना दोन-तीन दिवस जाते. ती यजमानाला विचारून सेप्टिक टँकच्या संडासात रिकामी करायची. समुद्रात किंवा झुडपात नाही, गाव दुसऱ्या दिवशी तुमच्या मागून येणाऱ्या व्हॅनला उभंही करत नाही.

परत आल्यावर

गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन द्या, विशेषतः चाकांच्या कमानी, दाराच्या सरकपट्ट्या आणि ब्रेक. बोटीवर पुढच्या रांगेत उभ्या असलेल्या गाडीवर खारं पाणी जास्त उडतं. जाळ्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून हाताने धुवा, सावलीत वाळवा. चुंबकांच्या दुमडीत पाणी राहिलं तर आठवड्यात गंजाचे डाग जाळीवर उतरतात.

परतल्यावर चार आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना कोकणातून आल्याचं स्वतःहून सांगा, कुठली गावं केली तेही. डेंग्यूचा ताप चाव्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांत येतो, मलेरियाचा एक ते चार आठवड्यांत, माकडतापाचा त्याआधीही. डेंग्यू नाही हे रक्त तपासून कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.